स्पॅनिशमधले 'कोणी', 'काही' आणि 'एल-ला'चा गुंता

केतकीगंध

नमस्कार मंडळी. मुलगी शिकायला व्हॅलेन्सियाला गेली आणि तिच्याकडे दोन महिने राहायचं ठरलं, तेव्हा पुण्यात घरीच पुस्तकं घेऊन स्पॅनिश शिकायला बसले. वय ५६. धातूंची रूपं पाठ झाली, आकडे आले, बाजारहाट जमू लागला. पण दोन ठिकाणी अजून पाय अडकतो.

पहिलं म्हणजे 'कोणी' आणि 'काही'. मुलीच्या घरमालकीणबाई फार प्रेमळ. रोज काहीतरी करून आणायच्या आणि विचारायच्या, 'किएरेस आल्गो?' म्हणजे काही हवंय का. मला म्हणायचं होतं 'मला काही नको'. 'आल्गो' म्हणजे 'काही', एवढं पुस्तकात वाचलेलं, म्हणून मी म्हटलं, 'नो किएरो आल्गो'. बाई गोंधळल्या आणि काय नकोय ते विचारत राहिल्या. मग मुलीने सांगितलं, 'आई, इथे नो किएरो नादा म्हणायचं.' पण 'नादा' म्हणजे 'काहीच नाही' ना? मग त्याच्या आधी पुन्हा 'नो' कशाला?

दुसरं म्हणजे 'एल', 'ला', 'उन', 'ऊना' ही उपपदं, म्हणजे इंग्रजीतल्या 'द' आणि 'अ'सारखे नामाआधी येणारे शब्द. आपल्याकडे हा प्रकारच नाही. कुठे लावायचं आणि कुठे नाही, ते इंग्रजीवरून ठरवायला गेले की निम्म्या वेळा चुकतं.

जाणकारांनी मराठीत समजावून सांगितलं तर मनापासून आभारी राहीन.

नवखा_नाशिककर

ताई, मी देले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या आ-दोस (ए-टू) पातळीची तयारी करतोय. 'नो' आणि 'नादा' हे दोन नकार झाले आणि दोन नकारांचा होकार होतो, म्हणून हे बोलीभाषेतलं सैल रूप आहे, लिहिताना टाळावं, असं मी एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का?

पाटीपेन्सिल

नाही, हे अजिबात खरं नाही. मी १८ वर्षं पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि ही समजूत दर तुकडीत नव्याने दुरुस्त करावी लागते. 'नो किएरो नादा' हेच प्रमाण रूप आहे. पत्रात, परीक्षेत, न्यायालयात, कुठेही हेच लिहायचं. गणितातला नियम भाषेला लावू नये. आपण तरी तो कुठे लावतो? 'कोणीच कधीच काहीच बोललं नाही' हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये ते 'नादिए दिखो नुंका नादा' असं होतं. शब्दाला शब्द लावून पाहा. कोणीच, बोललं, कधीच, काहीच.

केतकीताई, तुमचा घोळ कुठून आला ते सांगते. मराठीतला नुसता 'काही' दोन्हीकडे चालतो. 'काही हवंय का?' आणि 'काही नको', शब्द तोच. स्पॅनिशमध्ये क्रियापद नकारी झालं की शब्दही बदलावा लागतो. म्हणून नुसत्या 'कोणी-काही'चं भाषांतर करू नका. आधी त्याला तरी, च किंवा ही लावून बघा आणि मग स्पॅनिशकडे जा. मी फळ्यावर पहिल्याच आठवड्यात हे लिहिते:

कोणीतरी – आल्गिएन, कोणीच – नादिए, कोणीही – क्वाल्किएरा
काहीतरी – आल्गो, काहीच – नादा, काहीही – क्वाल्किएर कोसा
कधीतरी – आल्गूना बेस, कधीच – नुंका, कधीही – एन क्वाल्किएर मोमेंतो
कुठेतरी – एन आल्गून सीतिओ, कुठेच – एन निंगून सीतिओ, कुठेही – एन क्वाल्किएर सीतिओ

तरी, च आणि ही या तिघांत स्पॅनिशची तीन घराणी बसतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'एनी'वाला शब्द कधी आल्गिएन, कधी नादिए, कधी क्वाल्किएरा होतो आणि तो हैराण होतो. आपल्याला ती अडचण यायचं कारण नाही. 'काही नको'च्या जागी 'काहीच नको' बसतंय ना? मग नादा.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. 'मला काहीही नको' यात 'ही' असला तरी वाक्य नकारी आहे, म्हणून तिथेही नादाच.

केतकीगंध

ताई, वहीत उतरवून घेतलं! तुमच्या त्या लांब वाक्यात मात्र 'नो' दिसत नाही. ते कुठे गेलं?

पाटीपेन्सिल

चांगलं लक्ष आहे तुमचं. क्रियापदाच्या आधी एक तरी नकारी शब्द यायलाच हवा, एवढाच नियम आहे. 'नादिए' स्वतःच पुढे येऊन बसला की 'नो'ची गरज उरत नाही: 'नादिए बिनो', कोणीच आलं नाही. तोच मागे गेला की पुढची जागा रिकामी पडते, ती 'नो' भरतो: 'नो बिनो नादिए'. अर्थ एकच.

आणि 'नादा' हा शब्द मुळात नकारी नव्हताच. लॅटिनमध्ये 'रेस नाता' म्हणजे जन्मलेली वस्तू. जन्मलेली म्हणून एकही गोष्ट पाहिली नाही, अशा वाक्यांत वापरून वापरून नकार त्या 'नाता'लाच चिकटला. 'नादिए'चंही तेच, तो 'जन्मलेला माणूस'. आपल्या 'जात' आणि 'जन्म' यांचं मूळ आणि त्या 'नाता'चं मूळ प्राचीन काळात एकच आहे. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी वर्गात शिकवताना आवाज भरून आला होता.

'नो' नसतानाही नादा-नादिए येतात अशा जागा लक्षात ठेवा. 'सिन देसीर नादा' म्हणजे काही न बोलता. 'मास के नादिए' म्हणजे कोणाहीपेक्षा जास्त. 'आंतेस के नादा' म्हणजे सगळ्यात आधी.

मेक्सिकोकर

धागा उत्तम चाललाय. मी मेक्सिको सिटीत ११ वर्षं आहे. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो, ती कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर त्याच्या आधी 'आ' लावतात. माझ्या वर्गातले अमेरिकन आणि ब्रिटिश लोक यावर महिनोन् महिने धडपडत. मला पहिल्या दिवशी जमलं, कारण हा तर आपला 'ला' आहे!

'मी घर पाहिलं' म्हणताना ला लागत नाही. 'मी आईला पाहिलं' म्हणताना लागतो. स्पॅनिशमध्येही घराला काही नाही, आईला 'आ'. इतकंच नाही, पुढचं बघा. 'मी डॉक्टर शोधतोय', म्हणजे कोणीही चालेल: 'बुस्को उन मेदिको'. 'मी डॉक्टरांना शोधतोय', म्हणजे ठरावीक, आपले नेहमीचे: 'बुस्को अल मेदिको'. 'आ' आणि 'एल' मिळून 'अल'. मराठी माणसाला हा फरक आईच्या दुधातून मिळालेला असतो.

आणि हे या धाग्याशी जोडलेलं आहे, कारण आल्गिएन आणि नादिए कर्म झाले की त्यांनाही 'आ' लागतो. 'नो कोनोस्को आ नादिए', मी कोणालाच ओळखत नाही.

नवखा_नाशिककर

मेक्सिकोकर दादा, हे जबरदस्त आहे. पण 'मला मराठी येणारं कोणीतरी हवंय' यात ठरावीक माणूस नाही. तिथेही 'आ' लागतो?

मेक्सिकोकर

'शोधतोय' म्हणालास तर लागतो: 'बुस्को आ आल्गिएन के आब्ले माराती'. आल्गिएन-नादिएच्या बाबतीत ठरावीक की अनोळखी हा भेद बघायचाच नाही. फक्त 'आय' म्हणजे 'आहे' या क्रियापदासोबत तो येत नाही: 'आय आल्गिएन?' म्हणजे कोणी आहे का? आणि 'आब्ला' नाही, 'आब्ले', हेही बघून ठेव. असा माणूस सापडेल की नाही ते माहीत नाही, म्हणून क्रियापदाचं रूप बदललं. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

पाटीपेन्सिल

आता 'एल-ला'कडे येते. केतकीताई, आपल्याकडे हा प्रकारच नाही असं तुम्ही लिहिलंत. शब्द नाही, पण कल्पना आहे, आणि ती आपण वाक्यातल्या क्रमाने दाखवतो.

'कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे.' इथे दुकानाची माहिती पहिल्यांदा मिळते: 'आय ऊना फार्मासिया एन ला एस्कीना'.
'औषधांचं दुकान कोपऱ्यावर आहे.' इथे कोणतं दुकान ते दोघांनाही ठाऊक आहे, फक्त जागा सांगायची आहे: 'ला फार्मासिया एस्ता एन ला एस्कीना'.

क्रम बदलला की आपला अर्थ बदलतो. त्यांचं 'आय-ऊना' जाऊन 'ला-एस्ता' येतं. स्वतःला विचारा, मराठीत मी याच्या आधी 'एक' घातला असता की 'आपलं ते'? 'एखादा' मनात आला तर मात्र 'आल्गून' वापरा. 'इथे एखादा डॉक्टर आहे का?' म्हणजे 'आय आल्गून मेदिको आकी?'

काही ठिकाणी तर मराठीसारखंच वागलं की बरोबर येतं. 'ती डॉक्टर आहे' यात आपण एक लावत नाही, तेही लावत नाहीत: 'एस मेदिका'. वर्णन आलं की दोघांकडेही येतो, 'ती एक फार चांगली डॉक्टर आहे', 'एस ऊना मेदिका मुई बुएना'. 'हात धू' म्हणताना आपण 'तुझे' म्हणत नाही. तेही म्हणत नाहीत, फक्त तिथे 'लास', म्हणजे 'ला'चं अनेकवचन, लागतो: 'लाबाते लास मानोस'.

जिथे मराठी मदतीला येत नाही ते पाठच करावं लागतं. 'मला कॉफी आवडते', वाक्याची घडण अगदी आपलीच: 'मे गुस्ता एल काफे'. आवडणारी गोष्ट कर्ता आणि आपण 'मला'. पण सबंध कॉफी या पदार्थाबद्दल बोलतोय म्हणून 'एल' हवाच. 'मला आंबे आवडतात' हे 'मे गुस्तान लोस मांगोस'. उलट 'मी पाव खाते' यात किती, कोणता ते ठरलेलं नाही, म्हणून नुसतं 'कोमो पान'. वारांचंही तसंच. 'एल लुनेस' म्हणजे येत्या सोमवारी, 'लोस लुनेस' म्हणजे दर सोमवारी.

केतकीगंध

कोपऱ्यावरच्या दुकानाचं उदाहरण वाचून उठून उभीच राहिले. इतकी वर्षं मराठी बोलतेय, पण क्रमाने असा फरक पडतो हे कधी जाणवलं नव्हतं.

एक शंका आहे. 'आग्वा' म्हणजे पाणी स्त्रीलिंगी आहे असं वाचलं, मग 'एल आग्वा' का?

पाटीपेन्सिल

स्त्रीलिंगीच आहे. म्हणून थंड पाणी 'एल आग्वा फ्रीआ', विशेषण स्त्रीलिंगी. शब्दाची सुरुवात आघात असलेल्या 'आ'ने झाली की एकवचनात लगेच आधी 'ला' येत नाही, 'एल' येतो. हा 'एल' दिसायला पुल्लिंगी असला तरी लॅटिनच्या 'इल्ला' या स्त्रीलिंगी रूपातूनच आलाय. 'इल्ला'चं 'एला' झालं, आणि पुढे 'आ' आल्यावर शेवटचा स्वर गळून 'एल' उरलं. मध्ये दुसरा शब्द आला की 'ला' परत: 'ला मिस्मा आग्वा'. अनेकवचनातही परत: 'लास आग्वास'. भुकेचंही असंच: 'एल आम्ब्रे', पण 'तेंगो मुचा आम्ब्रे', मला खूप भूक लागलीय. पुष्कळ जण इथे 'मुचो' म्हणतात. कृपया म्हणू नका.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. माझी आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, त्यामुळे स्पॅनिश कानाला ओळखीचं वाटतं. १५१० ते १९६१ या काळात पोर्तुगीजांनी इथे इतके शब्द ठेवले की स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाकडे अर्धी शिदोरी आधीच असते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्ही लॅटिनच्या लेकी. साबण म्हणजे 'खाबोन'. चावी म्हणजे 'याबे'. पाव म्हणजे 'पान'. पगार आपल्याकडे महिन्याला मिळतो, स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं.

बटाट्यापाशी मात्र थांबा. स्पेनमध्ये तो 'पाताता', लॅटिन अमेरिकेत 'पापा'. आणि 'बाताता' मागितलंत तर रताळं मिळेल!

आणखी एक. स्पॅनिशमध्ये तिसरा 'लो' आहे, त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. नामांत नपुंसकलिंग उरलेलं नाही, पण या 'लो'त ते जिवंत आहे. 'लो इम्पोर्तांते' म्हणजे महत्त्वाचं. 'लो बुएनो' म्हणजे चांगलं ते. 'लो दे आयेर' म्हणजे कालचं, कालचं ते प्रकरण. ज्या भाषेत 'ते' नाही तिथल्या माणसाला हे शिकवताना पानंच्या पानं लागतात. आपल्याला त्या अनुस्वाराने आधीच शिकवलंय.

मेक्सिकोकर

वा, 'कालचं'! हे मी कधीच जोडून पाहिलं नव्हतं.

बाजारातले शब्द मीही देतो. इथे आठवडी बाजाराला 'त्यांगिस' म्हणतात, तो शब्द नाहुआत्लचा, म्हणजे आस्तेक लोकांच्या भाषेचा. टोमॅटो, चॉकलेट हे शब्दही तिथूनच जगभर गेले. मध्य मेक्सिकोत लाल टोमॅटो 'खितोमाते', नुसता 'तोमाते' म्हटलं की सालीतला हिरवा. शेंगदाणे इथे 'काकावाते', दक्षिण अमेरिकेत 'मानी'. आपला चिकू मूळचा इथला. त्याला 'चिकोसापोते' म्हणतात आणि त्याच झाडाच्या चिकापासून च्युइंगगम करत. 'तोर्तिया' इथे मक्याची पातळ भाकरी, स्पेनमध्ये मात्र अंड्याचं जाड ऑम्लेट, बहुतेक वेळा बटाटा घातलेलं.

भाव विचारताना 'आ कोमो एस्ता एल किलो?', किलोला काय भाव. इथे 'एल' विसरू नका. अर्धा किलो 'मेदिओ किलो', त्याआधी 'उन' नको. आणखी एक कॉफी हवी असेल तर 'ओत्रो काफे', तिथेही 'उन' नको. मी तीन वर्षं 'उन ओत्रो काफे' म्हणत होतो. कोणी दुरुस्त केलं नाही, कारण इथली माणसं पाहुण्याला चुकीचं ठरवत नाहीत. म्हणून आवर्जून लिहितोय.

दोन इशारेही देतो. स्पेनमध्ये 'कोखेर' म्हणजे घेणे, पकडणे, अगदी रोजचा शब्द. मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो अश्लील आहे, इथे 'तोमार' म्हणा. आणि 'क्वाल्किएरा'च्या आधी 'ऊना' लावून बाईबद्दल कधीही बोलू नका, ती फार घाण शिवी होते.

नवखा_नाशिककर

'मी भारतीय आहे' कसं म्हणायचं? पुस्तकात 'सोय इंदिओ' आहे, पण मेक्सिकोत ते चालत नाही असं ऐकलं.

मेक्सिकोकर

'इंदिओ' चुकीचं नाही, पण लॅटिन अमेरिकेत त्याचा पहिला अर्थ इथला मूळनिवासी असा होतो, शिवाय कधी कधी तो हिणवायलाही वापरतात. म्हणून इथले लोक आपल्याला 'इंदू' म्हणतात, धर्म कोणताही असो. मला सगळ्यात स्वच्छ वाटतं ते 'सोय दे ला इंदिया'. बघ, देशाच्या नावाआधीही 'ला' लागला.

पाटीपेन्सिल

मांडवीकाठ, तुम्ही पोर्तुगीज वाट दाखवलीत, आता मी अरबी दाखवते. इसवी सन ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या लहानमोठ्या भागावर मुस्लिम सत्ता होती. अरबीत 'अल' म्हणजेच 'तो'. स्पॅनिश लोकांनी शब्द उचलताना तो 'अल'सकट उचलला. संस्कृत शर्करा फारसीतून अरबीत गेली, तिथे 'अस्सुक्कर' झाली आणि स्पेनमध्ये 'आसुकार'. त्याच्या आधी आज 'एल' लावतात, म्हणजे साखरेला उपपद दोनदा. उशी 'आल्मोआदा', तांदूळ 'आर्रोस', तेल 'आसेइते', सगळ्यांच्या पोटात तेच 'अल' दडलंय. नगराध्यक्षाला 'आल्काल्दे' म्हणतात, तो आपला काझी, 'अल-कादी'. नारिंग मात्र तो 'अल' न घेता गेलं आणि 'नारांखा' झालं.

केतकीगंध

काल रात्री मुलीला फोनवर तुमची तीन घराणी वाचून दाखवली. तिने तिथल्या तिथे दहा वाक्यं घातली, नऊ बरोबर आली. चुकलं ते हे: 'माझ्याकडे थोडे पैसे आहेत'. मी म्हटलं 'तेंगो पोको दिनेरो', ती म्हणाली याचा अर्थ वेगळा होतो.

पाटीपेन्सिल

हो, 'पोको दिनेरो' म्हणजे पैसे फारसे नाहीत, तक्रारीचा सूर. 'उन पोको दे दिनेरो' म्हणजे थोडे आहेत, भागेल. एका 'उन'ने एवढा फरक पडतो.

नवखा_नाशिककर

शेवटचा प्रश्न. 'अमका', 'तमका' यांना काय म्हणतात? वाचनाच्या उताऱ्यात 'फुलानो' आलाय आणि तो मला माणसाचं नाव वाटला.

मांडवीकाठ

तो कोणाचंच नाव नाही. फुलानो म्हणजे आपला फलाणा! अरबीतला 'फुलान' फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि अरबीतून थेट स्पेनला गेला. पोर्तुगीजमध्येही फुलानोच, आजी शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगताना नाव घ्यायचं नसलं की हाच शब्द वापरायची. स्पॅनिशमध्ये त्याच्या मागोमाग 'मेंगानो' आणि 'सुतानो' येतात, अमका आणि तमका. ताई, घरमालकीणबाईंना पुढच्या फोनवर हे नक्की सांगा.

केतकीगंध

आत्ताच मुलीकडून निरोप पाठवलाय.